वाग्नरने जर्मनीचं नेमकं काय केलं? ऑर्केस्ट्राच्या पिटमधून एक लांब उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: रिचर्ड वाग्नर उघड उघड ज्यूद्वेष्टा होता, हिटलरचा लाडका संगीतकार होता, मग जर्मन लोक आजही त्याला एवढं डोक्यावर का घेतात, आणि तो झालाच नसता तर जर्मनीचा इतिहास वेगळा झाला असता का?

मी जर्मनीतल्या एका शहराच्या ऑपेरा ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवते, कित्येक वर्षं झाली, वाग्नरचे जवळजवळ सगळे मोठे ऑपेरा वाजवून झालेत, उन्हाळ्यात बायरॉइटच्या, म्हणजे वाग्नरने स्वतःच्या ऑपेरांसाठी बांधलेल्या थिएटरच्या, पिटमध्ये (रंगमंचापुढच्या ऑर्केस्ट्राच्या खड्ड्यात) बसायलाही मिळालंय. त्यामुळे उत्तर लांब होणार.

आधीच सांगते, या प्रश्नाची दोन रेडीमेड उत्तरं फिरत असतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. एक म्हणजे "माणूस वेगळा, संगीत वेगळं, आपण सुरांचा आनंद घ्यावा". दुसरं म्हणजे "वाग्नर म्हणजे हिटलरचा गुरू". पहिलं उत्तर खुद्द वाग्नरलाच मान्य झालं नसतं, तो आयुष्यभर घसा फोडून सांगत होता की माझं काम म्हणजे नुसती गाणीबजावणी नाहीये, त्यात विचार आहे, समाज आहे, धर्म आहे. आणि दुसऱ्या उत्तरात १८८३ ते १९३३, म्हणजे वाग्नरच्या मरणापासून हिटलर सत्तेवर येईपर्यंतची, ही मधली ५० वर्षं सरळ गाळलेली असतात, खरा घोळ तर तिथेच झालाय. ज्यूद्वेष युरोपात वाग्नरच्या आधी शेकडो वर्षं होता. त्याने जर्मन सुशिक्षित मध्यमवर्गाला लावलेली सवय माझ्या मते जास्त खोल गेली: राष्ट्राचा उद्धार कलेतून होणार असं मानायची, आणि ऐकताना अंगावर काटा आला म्हणजे ते खरंच असणार असं समजायची.

वाग्नर जन्मला १८१३ साली लाइपझिगमध्ये. तेव्हा जर्मनी नावाचा एक देशच नव्हता, छोटी मोठी राज्यं होती, जर्मन असणं म्हणजे भाषा, कविता, संगीत, बास. तो ड्रेस्डेनच्या राजाच्या ऑपेरात कपेलमाइस्टर, म्हणजे संगीत संचालक, होता आणि १८४९च्या मे महिन्यात तिथे उठाव झाला तेव्हा हा सरकारी नोकर बाकुनिनसारख्या रशियन अराजकवादी माणसाबरोबर थेट बंडखोरांच्या बाजूला. वॉरंट निघालं, पळून झुरिचला गेला. तिथे बसून त्याने निबंध लिहायचा धडाका लावला. मुद्दा असा की प्राचीन ग्रीसमध्ये नाटक बघायला अख्खं शहर जमायचं, ते त्यांचं देवकार्यच होतं, आणि आता ऑपेरा म्हणजे श्रीमंतांचा टाइमपास झालाय, तर भविष्यातली कला अशी हवी की काव्य, संगीत, अभिनय, नेपथ्य सगळं एकजीव होईल आणि त्यातून जनता पुन्हा एक होईल. हा त्या काळचा कट्टर डावा विचार आहे बरं का. "निबेलुंगची अंगठी" ही त्याची चार ऑपेरांची साखळी तिथेच आकाराला आली, तिची मध्यवर्ती कल्पनाच अशी की जो प्रेमाचा त्याग करेल त्यालाच सोन्यापासून सत्तेची अंगठी घडवता येईल. १८९८ साली बर्नार्ड शॉने तिचा अर्थ सरळ भांडवलशाहीची गोष्ट असा लावला होता, आणि ते काही ओढूनताणून नव्हतं.

आणि त्याच झुरिचमध्ये, १८५० साली, त्याच माणसाने टोपणनावाने "संगीतातला ज्यूपणा" हा लेख लिहिला. ज्यू माणूस जर्मन भाषा परक्यासारखी बोलतो म्हणून त्याच्याकडून खरं संगीत निघूच शकत नाही, फक्त नक्कल निघते, असा एकूण सूर. त्यात ज्यू घराण्यातल्या मेंडेलसन या संगीतकारावर टीका, जो तीन वर्षांपूर्वीच वारला होता, आणि नाव न घेता मायरबेअर या ज्यू ऑपेराकारावर, ज्याने वाग्नरच्या पडत्या काळात पैसे आणि शिफारसपत्रं दिली होती. तेव्हा लेख फार कुणी वाचला नाही. पण १८६९ साली, नाव झाल्यावर, काहीच गरज नसताना वाग्नरने तोच लेख वाढवून स्वतःच्या नावाने परत छापला. म्हणून "तो काळच तसा होता" हे मी कुणाकडून ऐकून घेत नाही, त्याचे समकालीन मित्रसुद्धा तेव्हा हादरले होते. नंतर बायको कोझिमाच्या डायरीत डिसेंबर १८८१ची एक नोंद आहे, व्हिएन्नाच्या थिएटरला आग लागून शेकडो माणसं गेली होती, त्यावर हा घरात म्हणाला की सगळे ज्यू एखाद्या नाटकाला जमवून जाळले पाहिजेत. तिने ते विनोद म्हणून लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर मला पुढे कितीतरी दिवस त्याचं काहीही वाजवणं जड गेलं होतं.

आता गुंता बघा. १८८० साली ज्यूविरोधी याचिकेवर सही करायला त्याने नकार दिला. आणि १८८२ साली "पार्सिफाल" हा त्याचा शेवटचा, सगळ्यात ख्रिस्ती ऑपेरा पहिल्यांदा उभा राहिला तो हेरमान लेवी या कंडक्टरच्या, रब्बीच्या (ज्यू धर्मगुरूच्या) मुलाच्या हाताखाली. वाग्नरने आधी त्याला बाप्तिस्मा घे म्हणून पिडलं, पण ऑर्केस्ट्रा म्युनिकच्या राजाचा, कंडक्टरही राजाचाच, त्यामुळे पर्याय नव्हता. लेवीने वडलांना लिहिलेल्या पत्रांत वाग्नरला थोर आणि उदात्त म्हटलंय. एवढा अपमान होऊनही. हे मला आजही पूर्ण समजत नाही, पण वाग्नरच्या संगीताची पकड म्हणजे काय याचा तो पुरावा आहे.

त्या पकडीबद्दल मी सांगू शकते कारण मी रोज तेच काम करते. "ट्रिस्टान" हा त्याचा ऑपेरा घ्या, पहिला प्रयोग म्युनिक, १० जून १८६५. सुरुवातीला फक्त चेलो, अगदी हळू, मग लाकडी सुषिरवाद्यं येतात आणि एक कॉर्ड लागतो ज्याला आता जगभर ट्रिस्टान कॉर्डच म्हणतात. तो सुटत नाही. जिथे कान म्हणतो आता घरी पोचलो, तिथे तो दुसऱ्याच एका अधांतरी कॉर्डवर नेऊन सोडतो, आणि मग शांतता. परत तेच, जरा वरच्या पट्टीत. परत शांतता. आम्ही व्हायोलावाले तेव्हा विश्रांती मोजत बसलेलो असतो आणि त्या शांततेत हॉलमध्ये कुणी श्वास सोडत नाहीये हे पिटमध्ये स्पष्ट कळतं. सुरुवातीला अडकलेला तो चढता तुकडा चार तासांच्या संगीतानंतर, अगदी शेवटी ओबोत परत येतो आणि तिथे कुठे तो सुटतो. एवढा वेळ माणसाची तहान ताणून धरायची आणि शेवटी मरणातच ती भागवायची, हे तंत्र वाग्नरच्या आधी एवढ्या ताकदीने कुणी वापरलं नव्हतं. माहलर, रिचर्ड श्ट्राउस, शोनबर्ग, सगळे या दारातून पुढे गेले, आणि हॉलिवूडच्या पार्श्वसंगीतात पात्रागणिक धून ठेवायची पद्धतही याच घरातली.

मागे विचार होता शोपेनहाउअर या जर्मन तत्त्वज्ञाचा. वाग्नरने १८५४ साली त्याला वाचलं आणि क्रांतिकारक माणूस एकदम वैराग्याकडे वळला: इच्छा हेच दुःखाचं मूळ, इच्छेचा शेवट हीच सुटका. आपल्याला हे ओळखीचं वाटणारच, शोपेनहाउअर उपनिषदांचं लॅटिन भाषांतर उशाशी ठेवायचा. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८५६ साली वाग्नरने "विजेते" नावाच्या ऑपेराचा आराखडा लिहिला, बुर्नूफच्या फ्रेंच बौद्ध ग्रंथावरून. नायिका प्रकृती नावाची चांडाळ मुलगी, तिचं आनंद या भिक्षूवर प्रेम बसतं, आणि शेवटी बुद्ध तिला संघात घेतो. म्हणजे बाबासाहेबांच्या "बुद्ध आणि त्यांचा धम्म"मध्ये जी प्रकृती चांडालिकेच्या धर्मांतराची गोष्ट आहे, तीच. ऑपेरा झाला नाही, पण त्यातली करुणा "पार्सिफाल"मध्ये उतरली. एका अस्पृश्य मुलीचं दुःख ज्याला हजारो मैलांवरून कळलं त्याला शेजारच्या गल्लीतल्या ज्यू माणसाचं कळलं नाही. यावर मला अजून उत्तर सापडलेलं नाही.

तत्त्वज्ञ नीत्शे याच संगीताने वेडा झालेला. बाझेलला पोरसवदा प्रोफेसर असताना तो लुत्सर्नजवळच्या ट्रिब्शेनला वाग्नरच्या घरी जायचा, तिथे त्याची राखीव खोलीच होती. १८७२चं त्याचं पहिलं पुस्तक, ग्रीक शोकांतिकेबद्दलचं, वाग्नरलाच अर्पण आहे. पण १८७६ साली बायरॉइटचा पहिला महोत्सव बघून तो बिथरला, कारण नवा ग्रीस उगवेल म्हणून गेला आणि दिसले कोण तर सम्राट, बँकवाले, दागिन्यांनी मढलेल्या बायका. पुढे १८८८ साली त्याने वाग्नरला चक्क आजार म्हटलं. माझ्या मते वाग्नरवर आजवर झालेली सगळ्यात धारदार टीका ती आहे, कारण ती प्रेमात पडलेल्या माणसाने केलीये. त्याचा आक्षेप असा की हे संगीत विचार करू देत नाही, भूल देतं. जर्मन तत्त्वज्ञानात "कला भूल देते की जागं करते" हा जो वाद विसाव्या शतकातल्या अडोर्नो या तत्त्वज्ञापर्यंत चालत आला त्याची सुरुवात इथे आहे.

बायरॉइटचं थिएटर त्या भुलीसाठीच बांधलंय. बव्हेरियाचा राजा लुडविग १८६४ साली १८व्या वर्षी गादीवर आला आणि लगेच वाग्नरची कर्जं फेडायला घेतली (आपल्याकडचे टूरवाले जो नॉयश्वानस्टाइनचा किल्ला दाखवतात तो याच राजाचा, आत भिंतीभर वाग्नरच्या ऑपेरांमागच्या दंतकथांची चित्रं आहेत आणि एक खोटी गुहासुद्धा). त्याच्या पैशांच्या टेकूवर हे थिएटर उभं राहिलं. बाजूच्या भिंतींना बॉक्स नाहीत, मधून जायला वाट नाही, लाकडी कडक खुर्च्या, खेळ सुरू झाला की मिट्ट अंधार. त्या काळात ऑपेरात दिवे चालू असायचे, लोक गप्पा मारायचे, एकमेकांचे कपडे बघायचे. ऑर्केस्ट्रा तर दिसतच नाही. आम्ही बसतो ते रंगमंचाच्या खाली पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणाऱ्या खड्ड्यात, वरती लाकडी छप्पर, व्हायोलिन वर, ब्रास आणि तालवाद्यं अगदी तळाला. उन्हाळ्यात एवढं गरम होतं की आम्ही टीशर्ट, हाफपँटवर वाजवतो, कुणाला दिसणार आहे. आवाज आधी रंगमंचाकडे जातो, तिथे गायकांच्या आवाजात मिसळतो आणि मग हॉलमध्ये जातो, त्यामुळे आत कानठळ्या बसत असतात तेव्हा बाहेर लोकांना तो मऊ, कुठून येतोय ते न कळणारा, जणू हवेतूनच येणारा ऐकू येतो. ते ऐकायला मी एकदा मुद्दाम रिहर्सलच्या वेळी वर हॉलमध्ये जाऊन बसले होते. आपल्याच सहकाऱ्यांचा आवाज, कोण कुठे बसलंय ते पाठ, आणि तरी वाटलं की हे माणसं वाजवत नाहीयेत. आज जगभर थिएटरमध्ये अंधार असतो, लोक गप्प बसतात, त्यात बायरॉइटचा वाटा मोठा आहे. पण अशा जागेत वर्षानुवर्षं "हे पवित्र आहे" असं ऐकवलं की माणूस भक्त होतो, प्रेक्षक राहत नाही. "पार्सिफाल" तर कॉपीराइट होता तोवर, म्हणजे १९१३ संपेपर्यंत, बायरॉइटबाहेर करायचाच नाही असा घराण्याचा आग्रह होता (न्यूयॉर्कने १९०३ साली तो मोडला ते सोडा).

वाग्नर १३ फेब्रुवारी १८८३ला व्हेनिसमध्ये गेला आणि मग ती मधली ५० वर्षं सुरू झाली. कोझिमाने महोत्सव हातात घेतला आणि त्याचं मठात रूपांतर केलं, स्टेजवर हात कुठे ठेवायचा तेसुद्धा "मास्टरांनी सांगितलंय तसंच". घरचं मासिक होतं, हान्स फोन व्होल्त्सोगेन चालवायचा, त्यात वर्षं उलटली तशी संगीताची चर्चा कमी आणि वंश, रक्त, जर्मन आत्मा जास्त. मग आला ह्यूस्टन स्ट्युअर्ट चेंबरलेन हा लेखक, जन्माने इंग्रज, १८९९ साली आर्य वंशाच्या थोरवीवर जाडजूड पुस्तक लिहिलं, तडाखेबंद खपलं, खुद्द कैसर, म्हणजे जर्मन सम्राट, त्याचा चाहता, आणि १९०८ साली त्याने वाग्नरच्या मुलीशी, एफाशी लग्न केलं. १९२३ साली हिटलर बायरॉइटला आला तेव्हा पलंगाला खिळलेल्या या चेंबरलेनने त्याला आशीर्वादाचं पत्र लिहिलं. सून विनिफ्रेड, तीही इंग्लंडमध्ये जन्मलेली, हिटलरची घरची मैत्रीण झाली. एका ऑपेराच्या घराण्याने एका बेकार, अर्धशिक्षित पुढाऱ्याला सुसंस्कृत जर्मनीचं सर्टिफिकेट दिलं. वाग्नरच्या "प्रभावा"बद्दल विचाराल तर मी आधी याच्याकडे बोट दाखवीन. आणि या सगळ्यांना सामान वाग्नरच्याच कपाटात सापडलं, हेही तितकंच खरं.

शेजारी एक मोठी गोष्ट चालू होती, भाषेची. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने पश्चिमेच्या आघाडीवर बांधलेल्या तटबंदीचं नाव सीगफ्रीड, १९१७च्या माघारीच्या मोहिमेचं नाव आल्बेरिख, दोन्ही "अंगठी"तली पात्रं, पहिला नायक आणि दुसरा अंगठी घडवणारा बुटका. हरल्यावर सेनापती हिंडेनबुर्गने १९२०च्या आठवणींत लिहिलं की सीगफ्रीड जसा हागेनच्या दगाबाज भाल्याने पडला तसं आमचं सैन्य पडलं. पाठीत खंजीर खुपसल्याची ती विषारी दंतकथा, सोशालिस्ट आणि ज्यूंनी घात केला ही, लोकांना लगेच कळली कारण चित्र आधीच डोळ्यांसमोर होतं. आता ही गोष्ट मुळात मध्ययुगीन काव्यातली, आणि ते काव्य जर्मन पोरं शाळेत शिकायची, सगळं खापर वाग्नरवर फोडता येणार नाही. पण त्या मरणाला त्याने जे शोकसंगीत दिलं ते एकदा ऐकलेला माणूस विसरत नाही.

सगळ्यात अवघड काम मला "माइस्टरझिंगर" वाजवणं वाटतं. त्याचा एकमेव मोठा विनोदी ऑपेरा, १८६८, न्यूरेंबर्गच्या कारागीर गायकांची गोष्ट, माणुसकीने भरलेला. शेवटी हान्स झाक्स हा चांभार कवी भाषण करतो. सांभाळा, परके घाला घालतील, परकी हवा, परके फुकाचे थाट जर्मन मातीत रुजवतील. तिथे संगीत एकदम काळवंडतं, आम्ही तारांवर थरथर धरतो. आणि मग, तुमच्या जर्मन उस्तादांचा मान राखा, साम्राज्य धुक्यात विरलं तरी पवित्र जर्मन कला उरेल, आणि लख्ख सी मेजर (उजळ, आनंदी स्वरपट्टी) उजाडतो, कोरस, ब्रास, सगळं. वाग्नरला स्वतःलाच हे भाषण ठेवावं की नाही शंका होती, कोझिमाने ठेवायला लावलं. वाजवताना शरीराला फरक कळत नाही, हेच भयंकर आहे. प्रेमाच्या ओळीला जो उजेड मिळतो तोच परक्यांच्या भीतीनंतरही मिळतो, बोटं तेवढ्याच आनंदाने पळतात. १९२४ साली बायरॉइटला हे भाषण झाल्यावर प्रेक्षकांनी उभं राहून राष्ट्रगीत म्हटलं, वाग्नरच्या मुलाला, सीगफ्रीडला, पुढच्या वर्षी पाट्या लावाव्या लागल्या की इथे गाऊ नका, इथे फक्त कलेचं काम आहे. २१ मार्च १९३३ला हिटलरच्या नव्या सरकारच्या सोहळ्याच्या रात्री बर्लिनमध्ये हाच ऑपेरा, फुर्टव्हेंगलर कंडक्टर.

पण सामान्य नाझी कार्यकर्त्याला वाग्नर आवडायचा ही समजूत चूक आहे. न्यूरेंबर्गच्या पक्षमेळाव्यात हॉल रिकामा पडायचा, हिटलर चिडून पुढाऱ्यांना बिअरच्या दुकानांतून धरून आणायला लावायचा, असं हिटलरचा वास्तुविशारद श्पेअर याने लिहून ठेवलंय. त्या वर्षांत जर्मनीत वाग्नरचे प्रयोग एकूण कमीच होत गेले. उलट तिकडे थिओडोर हर्झल, ज्यू राष्ट्राची कल्पना मांडणारा, १८९५ साली पॅरिसमध्ये ते पुस्तक लिहीत असताना संध्याकाळी वाग्नर ऐकायला जायचा आणि ज्या रात्री ऑपेरा नसेल त्याच रात्री आपल्या विचारांबद्दल शंका येते असं लिहायचा. आणि कादंबरीकार थॉमस मान, ज्याने हे सगळं सगळ्यात नीट पाहिलं. १० फेब्रुवारी १९३३ला त्याने म्युनिकमध्ये वाग्नरवर व्याख्यान दिलं, प्रेमाने, पण सांगितलं की हा माणूस अर्धा हौशी आहे, आधुनिक आहे, युरोपचा आहे, त्याला राष्ट्रवादाचा झेंडा करू नका. दुसऱ्या दिवशी तो बाहेरगावी गेला. एप्रिलमध्ये म्युनिकच्या बड्या लोकांनी निषेधाचं पत्रक काढलं, त्यावर कंडक्टर क्नापर्ट्सबुश, संगीतकार फिट्झनर आणि रिचर्ड श्ट्राउसच्या सह्या. मान परत राहायला आलाच नाही. वाग्नरवर प्रेम कसं करावं हे दाखवणाऱ्यालाच वाग्नरच्या नावाने हाकलला, हे मला त्या पूर्ण इतिहासातलं सगळ्यात बोचणारं पान वाटतं.

मग आता का वाजवतात? १९५१ साली नातू वीलांटने स्टेज रिकामं केलं, शिरस्त्राणं, भाले, किल्ले सगळं काढून फक्त प्रकाश ठेवला. सुंदर होतं, पण ती विसरायचीच सोय होती असं माझं मत आहे, तेव्हाही सूचना होतीच की राजकारणावर बोलू नका. खरं तोंड उघडलं ते १९७६ साली दिग्दर्शक शेरो आणि कंडक्टर बुलेझ या दोघा फ्रेंच माणसांनी, "अंगठी" करताना, ऱ्हाइन नदीवर धरण, देव म्हणजे कारखानदार, पहिल्या वर्षी शिट्ट्या, शिव्या, हाणामारी, आणि १९८०च्या शेवटच्या प्रयोगाला तासाभराहून जास्त टाळ्या. २०१७ला बॅरी कोस्की या ज्यू दिग्दर्शकाने "माइस्टरझिंगर"चा पहिला अंक वाग्नरच्या घरात आणि शेवट न्यूरेंबर्ग खटल्याच्या कोर्टात नेला, झाक्सचं ते भाषण साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून. मागे संगीत तसंच लख्ख. मी ते हॉलमध्ये बसून बघितलं आणि घामाघूम झाले. थिएटरबाहेरच्या बागेत वाग्नरच्या पुतळ्याभोवती, जो हिटलरच्या लाडक्या शिल्पकाराने केलाय, आता राखाडी बोर्ड उभे आहेत, महोत्सवातून हाकललेल्या, आणि त्यातल्या काही पुढे छळछावण्यांत मारल्या गेलेल्या, ज्यू गायकवादकांचे फोटो आणि नावं. इंटर्व्हलमध्ये शॅम्पेनचा ग्लास घेऊन लोक ते वाचत उभे असतात. तेव्हा "डोक्यावर घेतात" हे अर्धंच खरं आहे, जर्मन लोक स्वतःशी जे भांडण करतात त्यातलं बरंचसं वाग्नरच्या स्टेजवर करतात, आणि मला ते बंदीपेक्षा बरं वाटतं.

बंदीबद्दल मात्र बाहेरच्यांनी शहाणपण शिकवू नये. इस्राएलमध्ये १९३८च्या नोव्हेंबरपासून वाग्नर न वाजवायचा संकेत आहे. १९८१ साली आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांनी तेल अवीवमध्ये एन्कोअर म्हणून "ट्रिस्टान"चा शेवट घेतला, नको असेल त्यांनी जावं असं आधी सांगून, तर नाझींच्या ज्यू संहारातून वाचलेला एक माणूस स्टेजजवळ आला आणि शर्ट उघडून अंगावरचे व्रण दाखवले. २००१ला बॅरेनबॉइम या ज्यू कंडक्टरने जेरुसलेममध्ये प्रेक्षकांशी अर्धा तास बोलून मगच वाजवलं, बरेच जण दारं आपटत निघून गेले. व्रण दाखवणाऱ्या त्या माणसाला "संगीत वेगळं असतं हो" असं सांगायची माझी हिंमत नाही, आणि कुणाची असू नये.

तर वाग्नर नसता तर हिटलर झाला असता का, याला माझं सरळ उत्तर: झाला असता. युद्धातली हार, महागाई, बेकारी, जुना ज्यूद्वेष, यातलं काहीच वाग्नरने आणलेलं नाही. पण सुशिक्षित, ऑपेराला जाणाऱ्या, चांगलं चुंगलं वाचणाऱ्या वर्गाला त्या माणसात तारणहार दिसावा यासाठी जी मनाची मशागत लागते, तिच्यात वाग्नरचा आणि त्याहून जास्त त्याच्या वारसांचा हात आहे.

ऐकायचं असेल तर "अंगठी"तल्या दुसऱ्या ऑपेराच्या, "वाल्क्यूरे"च्या, पहिल्या अंकापासून सुरू करा, साधारण तासाभराचा आहे, फक्त तीन पात्रं. "लोहेंग्रीन"मधलं लग्नाचं कूच तर वसई, गोव्याच्या लग्नांत ऐकलेलं असेलच. आणि सोबत तो १८५०चा लेखही वाचा, पूर्ण, शेवटच्या ओळीपर्यंत.